उप्पिन माळावरचं पाणी

मामा गेल्याची बातमी घेऊन मल्लप्पा नवी पेठेतल्या आमच्या दुकानात आला, तेव्हा मी गिऱ्हाइकापुढे खण उलगडत होतो. गुरप्पामामा माझ्या आईचा भाऊ, मल्लप्पा त्याचा मुलगा. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, अप्पाला कुटं ठिवायचं?" मी खणाची घडी घालून बाजूला ठेवली.

आमच्यात पुरतात. मामीला मामाने होटगीजवळच्या आपल्या माळावर पुरलं होतं. उप्पिन माळ म्हणत त्याला. उप्पु म्हणजे कानडीत मीठ. मामाचे आजे-पणजे उन्हाळ्यात तिथली पांढरी फुललेली माती खरवडत, कुंडात भिजवत आणि निथळलेलं पाणी उन्हात आटवून मीठ करत. पुढे सरकारची बंदी आली, रेल्वेने समुद्राचं मीठ आलं, कुंडं ओस पडली. मामाने स्वतः कधी मीठ केलं नाही. पण आम्ही पोरं गेलो की तो तिथली माती जिभेला लावायला द्यायचा, आणि आमची तोंडं वाकडी झाली की पोट धरून हसायचा. मामी रागवायची, मग स्वतःच हसायची.

बहात्तरच्या दुष्काळात त्या खोलगट माळावर तलावाचं काम निघालं. गावात पाण्याचा थेंब नव्हता. दोष तरी कोणाला देणार? मामा मला घेऊन कामावरच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं. बांध हलणार नाही, हवं तर मामीला दुसरीकडे न्या, असं हळू आवाजात सांगितलं. मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "निजलेलीला उठवू कसं, साहेब?" घरात ज्वारी संपली होती. दोन दिवसांनी बापलेक त्याच बांधावर माती टाकायला गेले.

पुढे पाऊस झाला, तलाव भरला. पाणी मचूळ, पण गाव जगलं. कुंडं बुडाली, मामीही. गेल्या दिवाळीत मामा मला म्हणाला, "मला तिच्याशेजारी ठिवा की." मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार...

शेवटी आम्ही त्याला बांधाच्या कोरड्या अंगाला ठेवलं. त्याहून जवळ जाता येत नव्हतं.

परवा मामाच्या घरी गेलो होतो. सोप्यात मामाची खाट आहे. तलाव भरला त्या वर्षी त्याने ती फिरवून भिंतीकडे तोंड करून घेतली. सून सारवतानाही ती हलवत नाही. मी खाटेवर जरा टेकलो. समोर नुसती भिंत. पाठीमागून, तलावावरून, बायकांच्या धुण्याचा आवाज येत होता.