स्कँडिनेव्हियन घर आणि सासूबाईंची पिशवी

सासूबाई एवढ्या लवकर ‘हो’ म्हणाल्या, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शाहूपुरीतला आमचा फ्लॅट स्कँडिनेव्हियन पद्धतीने सजवायचा, असं मी ठरवलं होतं. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, भरपूर उजेड आणि डोळ्यांना शांत करणारी मोकळी जागा. मोबाइलवरचे फोटो दाखवल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "जोतिबास्नं गुलालात माखून आलेली माणसं ह्या सोफ्यावर बसणार व्हय?" सासूबाईंनी मात्र चष्मा लावून एकेक फोटो नीट पाहिला. म्हणाल्या, "बरं हाय की. करा."

पंधरा वर्षांत या बाईने आमटीतल्या मिठापासून लेकीच्या वेणीपर्यंत माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली होती. आता शोकेस काढायचं म्हटलं, तर "काढा." स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी? "काढा." सासऱ्यांचा हार घातलेला मोठा फोटो बाहेरच्या खोलीतून हलवायचा विषय मी आठवडाभर नुसता मनात घोळवत होते, तर एके सकाळी त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून तो उतरवला. मला धड जेवण जाईना.

त्यातच त्यांच्या कोडोलीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे माझी नणंद राहते. एरवी सणावारालाच लेकीकडे जाणाऱ्या सासूबाई आता दर रविवारी एसटीने निघायच्या. जाताना पिशवी फुगलेली, येताना तीच घडी करून काखेत. माझं डोकं लगेच धावलं. लेकीचं घर भरणं चाललंय, शिवाय माझ्या चहाड्या असणारच. मी गुपचूप सगळी पितळी भांडी तपासली. एकही हललेलं नव्हतं. त्याने माझं समाधान व्हायला हवं होतं, पण मी म्हटलं, बाई पक्की आहे, आधी बारीकसारीक हलवतेय.

पुढच्या रविवारी त्या आंघोळीला गेल्या आणि मी पिशवी उघडली. लाज वाटली, तरी उघडली. वर दोन नेसायच्या साड्या. त्यांच्याखाली शाल, गुडघ्याला चोळायचं तेल आणि टॉवेलात गुंडाळलेला सासऱ्यांचा फोटो. आमचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

"घावलं काय?" त्या दारात उभ्या होत्या. केस अजून ओले होते.

चोरी माझी, पण आवाजही मीच चढवला. "हे सगळं तिकडं कशाला नेताय?"

"एकदम न्यायचं म्हंजे टेम्पो लागतोय. गल्लीभर बोभाटा हुतोय. थोडं थोडं नेलं की कुणाला कळत न्हाय."

"पण जायला सांगितलंय कुणी तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? लेकीनं खोली मोकळी केलीया माझ्यासाठी." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि मी विसकटलेल्या साड्यांच्या घड्या पुन्हा घालू लागल्या.

मला भयंकर राग आला. इतकी वर्षं एका घरात काढून ही बाई मला असली समजते? मी म्हणाले, "तुम्ही कुठेही जायचं नाही. तुमची खोली तुमचीच राहणार आहे."

"मग माझी कॉट कुठं हाय त्या नकाशात?"

डिझायनरने काढून दिलेला घराचा नकाशा महिनाभर फ्रिजवर चिकटवलेला होता. येता-जाता मी तो कौतुकाने बघायचे. तो तरातरा काढून आणला, त्यांच्यापुढे धरला आणि बोट ठेवायला जागा शोधू लागले. आमचा पलंग होता. माझ्या लेकीचा होता. सासूबाईंच्या खोलीत एक आरामखुर्ची होती, तिच्याशेजारी उभा दिवा आणि कुंडीत एक झाड.

त्या घड्या घालत राहिल्या. नकाशाच्या खाली कोपऱ्यात माझ्याच अक्षरात ‘पसंत’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली माझी सही.