एकशे एकावा शेतकरी

लातूरला कृषीच्या पदव्युत्तर वर्गात होतो तेव्हाची गोष्ट. सोयाबीनचे उतारे विचारत मी एवढा हिंडलो, की औसा ते लोहा माझ्या गाडीवर कुत्रीसुद्धा भुंकेनाशी झाली, घरचाच समजायची. औशात रुंद वरंब्यावरचा पेरा, लोह्यात सपाट. वरंब्याला एकरी जास्त उतरतं, एवढंच दाखवायचं होतं. नाहीतर मार्गदर्शक मॅडम पुढचा खरीपही बांधावरच काढायला लावणार होत्या.

शेतकरी शंभर ठरलेले, आधी पन्नास औशाचे, मग पन्नास लोह्याचे. पण औशाचे माझे काका अडून बसले.

"शंभर? आहेर करताना वर एक ठेवतूस, अन् इथं कोरे शंभर? माझं नाव घाल!"

घातलं, सगळ्यात खाली.

मग आर नावाच्या संगणकभाषेत तक्ता चढवला. तालुक्याचा रकाना राहिला होता. तो जोडताना मी दोनच शब्द दिले, औसा आणि लोहा. म्हटलं, एवढं शहाणं यंत्र, घेईल आपलं वाटून. तर ते लाल अक्षरांत खेकसलं: ओळी एकशे एक, तुझे शब्द दोन!

दोन अन् एकशे एकाचं असं काय वाकडं, मला कळेना. काका तसेही जास्तीचेच. त्यांची ओळ उडवली. यंत्र चूप. रकाना तयार. मी वसतिगृहभर चहा पाजला.

सरासरी काढली, तर औसा आणि लोहा जुळे भाऊ! फरक तिळाएवढाही नाही. मी वरंब्यावर संशय घेतला, पावसावर घेतला, शेवटी चष्मा पुसून पाहिला. पुढचा खरीप डोळ्यांपुढं नाचायला लागला.

तेवढ्यात काकांचा फोन. "काय म्हणतूय माझा उतारा?"

"काका, तुम्हाला काढलं."

काका असे कडाडले की उदगीरपर्यंत ऐकू गेलं असेल. "आधी घाल लेका! न्हाईतर औशाला यायचं न्हाई."

घातलं. पुन्हा रकाना जोडला, पुन्हा तेच लाल खेकसणं. आता मात्र मी शंभरांचा जुना तक्ता वरून वाचला. पहिला औसा, दुसरा लोहा, तिसरा औसा, चौथा लोहा... दुसरा म्हणजे काकांचा बांधशेजारी! जन्मात औसा न सोडलेला माणूस मी लोह्यात नेऊन बसवला होता. पंगतीत वाढप्यानं एकाला बुंदी, दुसऱ्याला भात टाकत जावं, तसं यंत्रानं माझे दोन शब्द वाढले होते. शंभरावर जोड्या पुरल्या म्हणून गप्प. काकांपाशी जोडी मोडली म्हणून बोंब.

मग वरच्या पन्नासांना औसा, खालच्या पन्नासांना लोहा आणि शेवटच्या काकांना पुन्हा औसा असं ओळीगणिक सांगितलं. वरंबा जिंकला.

तक्ता पाहून मॅडम म्हणाल्या, "फरक छान आलाय. पण शंभर ठरले होते ना? हा एक कशाला?"

एकशे एकावर ओरडणारं आणि शंभरावर चुकीचं वाढून गप्प बसणारं यंत्र मलाच अजून पचलं नव्हतं. त्यांना काय सांगणार? "असू द्या मॅडम," म्हटलं, "तो रुसला की फोन करतो."