मारेकरी पेशीला टाळ्या हव्यात

गुनवोर हेडेनस्कूग प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. स्टॉकहोमच्या त्या विभागात कुणाला डॉक्टरेट मिळाली की संध्याकाळी मेजवानी, आणि मेजवानीत त्याच्या प्रबंधाची टर उडवणारं नाटुकलं ठरलेलं. गुनवोरनं आजवर सगळ्यांचे पोशाख शिवले, पडदे ओढले. रंगमंचावर मात्र पाऊल पडलं नाही. एकदा, फक्त एकदा, आपल्यासाठी टाळ्या वाजाव्यात, एवढीच बाईची आस.

आज डॉक्टरेट मिळवलेल्या टोरबियोनचा प्रबंध होता मारेकरी पेशींवर. रक्तात गस्त घालत आजारी पेशी हुडकून मारणं हे त्यांचं काम. मुख्य नटाचा ऐनवेळी घसा बसला आणि मारेकरी पेशीचा पोशाख म्हणून शिवलेल्या जांभळ्या लोकरी गोळ्यात गुनवोर शिरली. गोळ्याला चहूबाजूंनी हातमोजे शिवलेले. हेच पेशीचे रिसेप्टर, म्हणजे समोरची पेशी चाचपून ओळखणारे तिचे हात.

"निळ्या मोज्यानं पाहुण्याच्या गळ्यातली नावाची पाटी चाचप," टोरबियोननं शिकवलं. "पाटी असली तर माणूस आपला, थांब. पिवळ्यानं नाक बघ. लाल असलं तर पेशी आजारी, थाप तोंडावर साय!"

"आणि पाटीही आहे, नाकही लाल?"

"मग ओढाताण. ज्याचा जोर जास्त, त्याचं ऐक."

"म्हणजे माझं लग्नच की!"

नाटुकलं सुरू झालं. पाटीवाले पाहुणे सुटले. पाटी काढून कागदी लाल नाकं लावलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या तोंडावर फेटलेली साय थापली गेली. हशा जेमतेम. पुढे बसला होता सिक्स्टेन वॉलरस्टाम, सकाळी टोरबियोनला प्रश्न विचारून घाम फोडणारा परीक्षक. त्याची पाटी कोटाबरोबर बाहेर टांगलेली, आणि नाक दारूनं टोमॅटोसारखं लालबुंद.

"गुनवोर, त्याला नको!" विभागप्रमुख बिर्गिता कुजबुजली.

निळ्या मोज्याला काहीच लागेना. पिवळा तर नाकावरून हलेना.

"माफ कर हं, सिक्स्टेन." थप्प!

 मग सिक्स्टेन उठला, छाती धरली, "मेलो! मेलो!" करत टेबलावरची चादर ओढून कोसळला, तंगड्या झाडल्या, पुन्हा उठून पुन्हा मेला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. भाव खाल्ला तो प्रेतानं! गुनवोरचा चेहरा पडला.

"ए, मेलास ना? मग पड की गप्प!"

प्रेत उठून बसलं आणि वाकून अभिवादन करू लागलं.

"साफ चूक!" टोरबियोन ओरडला. "मारेकरी पेशीनं मारलं की पेशी तडफडत नाही, गपचूप आक्रसून मरते. सकाळी तूच हे माझ्याकडून वदवून घेतलंस!"

 सिक्स्टेननं गुडघे पोटाशी घेतले आणि मुटकुळं करून पडला. गुनवोरनं त्याच्यावर चादर ओढली, वर एक पाय ठेवला, सगळे मोजे पसरले आणि वाकली. काय टाळ्या पडल्या! चादरीखालूनही वाजू लागल्या, तेव्हा तिनं पाय जरा दाबला.