आमचे चरित्रनायक आणि त्यांच्या तक्रारी

चरित्रं लिहिणाऱ्याकडे किस्से जिनिंगमधल्या रुईसारखे साठतात. कितीही झटकले तरी अंगाला चिकटून घरी येतात, आणि बायको दारातच विचारते, "आज कोण?"

विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची ती वर्षं. दिग्रसला नानाजींचा छापखाना होता. लग्नपत्रिकांचा सीझन संपला की नानाजी जत्रेत आणि एस.टी. स्टँडवर विकायला पातळ चरित्रं छापत. दरोडेखोर, राजे, शेठ आणि कधी जन्मलेच नाहीत असे शूरवीर! लिहिणारे आम्ही तिघं : वामनराव, सुदाम आणि मी. वामनराव सगळ्यांत सीनियर. त्यांचं ठाम मत होतं, "नायकाले विचारून लिहू नये बापा. त्याले काही माहीत नसते."

*

एकदा नानाजींना परदेशातल्या एका हुकूमशहाचं चरित्र हवं होतं. माहिती म्हणाल तर वर्तमानपत्राचं एक कात्रण, तेही अर्धं फाटलेलं. वामनराव डगमगले नाहीत. पहिल्याच प्रकरणात हुकूमशहाची आई चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी थापते आणि पोराला ठेच्याबरोबर वाढते!

ढाणकीचे एक वाचक मुद्दाम छापखान्यात आले. "काहो, तिकडं ज्वारी होते काय?"

"त्याच्या लहानपणी होत होती," वामनराव म्हणाले. "मंग बंद झाली, अन् तो बिघडला."

*

उमरखेडकडच्या रानात एके काळी गणबा नावाच्या दरोडेखोराचा दरारा होता. तो केव्हाच मेला असणार असं धरून वामनरावांनी त्याला शेवटच्या प्रकरणात पोलिसांच्या गोळीने पाडलं. पुस्तक धडाक्यात खपलं.

एका सकाळी पांढऱ्या मिशांचा, कोट घातलेला म्हातारा आत आला आणि म्हणाला, "गणबा मीच."

मशीन थांबलं. नानाजी खुर्चीतून उठले. आणि ती खुर्ची त्यांनी गणबापुढे सरकवली.

"मले मारलं त्याचं काही नाही," गणबा म्हणाला. "पण पाठीत गोळी कायले? म्या कधी पाठ दाखवली काय?"

वामनरावांनी हात जोडले. गणबाने उरलेल्या सगळ्या प्रती मागितल्या. आम्हाला वाटलं, जाळतो आता. पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तर हा स्टँडवर घोंगडी टाकून स्वतःचं चरित्र विकतोय!

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "खरंच असा मेला काय हो?"

"हो तर. म्या होतो ना तिथं. पण गोळी छातीत लागली."

*

गावातल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींना निवडणुकीला उभं राहायचं होतं. चरित्राची ऑर्डर घेऊन ते स्वतः आले. "बालपणी थोडी गरिबी पाहिजे," म्हणाले.

शेठजींच्या वडिलांचं जिन तर छापखान्याच्या खिडकीतून दिसत होतं! मी विचारलं, "शेठजी, गरिबी कितवीपर्यंत ठेवू?"

त्यांनी बराच विचार केला. "चौथीपर्यंत ठेवा. पाचवीत मले सायकल होती. लोकायनं पाह्यली आहे."

मी गरिबी लिहिली. शेठजींच्या मातोश्रींना ती कोणीतरी वाचून दाखवली. म्हातारी टांगा करून आली आणि माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या घरी पोरगं उपाशी? वरचं दूध अन् तूप खाऊन खाऊन हगवण लागत होती त्याले! ते लिहा!"

शेठजी पडले. पुस्तकामुळे नव्हे, असं नानाजी शेवटपर्यंत सांगत.

*

सुदामच्या घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती. त्याच्या गावच्या पाटलांना आपल्या आजोबांचं चरित्र हवं होतं, आणि नानाजींनी ते काम नेमकं सुदामलाच दिलं. सुदामने निमूटपणे लिहिलं. पाटील प्रूफ वाचायला बसले आणि एका ओळीवर अडले : 'दुष्काळात त्यांनी स्वतःच्या विहिरीचे पाणी जवळजवळ सर्व गावाला पाजले.'

"हे 'जवळजवळ' काहून?"

"बाकीचे आमी होतो," सुदाम म्हणाला.

पाटलांनी ती ओळ पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "विहीर काढून टाका."

विहीर काढली. दुष्काळही काढावा लागला.

*

वामनरावांनी एक नायक निव्वळ कल्पनेने तयार केला होता : देवला नाईक, मिठाच्या गोण्या बैलांवर लादून फिरणारा लमाण. डावा पाय लंगडा, तरी लुटारूंना एकटा पुरून उरणारा. शेवटच्या पानावर तो बैल हाकत फुलसावंगीकडे जातो आणि पुस्तक संपतं.

एके दुपारी जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी आली. आरशांची चोळी, हातभर पांढरी कडी. पुस्तक पदरात गुंडाळलेलं.

"नातीनं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "हा माहा भाऊ होय. मी लहान होती तवा बैलं घेऊन गेला, तो आलाच नाही."

लमाण आईला याडी म्हणतात. वामनराव हळू आवाजात म्हणाले, "याडी, असा कोणी माणूस नाही. म्या तयार केला तो."

"हो ना. तुमी तयार केला. मंग ठेवला कुठं?"

म्हातारी बाकावरून हलेना. चहा दिला, तो प्यायली आणि पुन्हा तशीच बसून राहिली. शेवटी वामनरावांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्यावर बोट ठेवलं. "इथं लिहिलं आहे, फुलसावंगीकडे गेला."

म्हातारी उठली आणि सरळ स्टँडकडे चालू लागली.

सुदाम भडकला. "काहून पाठवलं तिले? कोण आहे तिथं?" वामनरावांनी पेन खाली ठेवलं. कित्येक दिवस त्यांनी एक ओळ लिहिली नाही.

पोळा झाल्यावर म्हातारी परत आली. वामनराव मशीनच्या मागे सरकू लागले. तिने फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ठेवल्या.

"भेटला," ती म्हणाली.

वामनराव मशीनमागून बाहेर आले.

"म्हातारा झाला. दात पडले. तुमचं पुस्तक ऐकवलं त्याले, लय हासला. म्हणे, बाकी सारं बराबर लिहिलं, पण लंगडा पाय उजवा आहे."