शुद्धीत नसलेल्याची बोली
काजूची बोंडे आंबल्याचा वास आला की मला बंदरावरची ती सकाळ आठवते. एका हळदीच्या कार्यक्रमात माझ्या नोकरी करणाऱ्या भाचीला सरबतातून काजूची दारू पाजून एकाने तिच्यावर अत्याचार केला होता. त्याच्या खटल्यात, त्या सकाळच्या दुसऱ्याच दिवशी कोर्टात तिची साक्ष होती आणि ती जायला तयार नव्हती. घरी एकटी नको म्हणून मी मासळी घ्यायला जाताना तिला बंदरावर घेऊन आले होते. लिलाव चालू असतानाच, अत्याचार करणाऱ्या त्या मुलाचा काका, आमच्यातलाच मासळीचा व्यापारी, जवळ आला. "ताई, तुमची भाची, ता चेडू, नको म्हणूक नाय. केस मागे घेवा." माझं डोकं फिरलं. "तुझ्या भावान पिऊन सुरमयची बोली लावल्यान, तेव्हा तूच म्हणालस ना, तो शुद्धीत नाय, बोली धरू नकात? मगे शुद्धीत नसलेल्या चेडवाचा गप रवणा होकार कसो?" ओल्या वाळूत उभे असलेले सगळे व्यापारी टोपल्यांकडे बघत राहिले, एकही माझ्या बाजूने बोलला नाही. भाची तेवढी पुढे आली. "मावशे, उद्या मी जातंय." न्यायाधीशांनीही तिचं गप्प राहणं संमती मानली नाही, त्या मुलाला शिक्षा झाली. त्या व्यापाऱ्यांशी मी आजही धंदा करते, हसून बोलते, पण भाव करताना एक पैसा सोडत नाही.