इनहेलरवरचा आकडा

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. मी मंडीदीपच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे; मोजता येतं तेवढंच लिहितो. राहायला भोपाळमध्ये, बिट्टन मार्केटजवळ.

बायकोला दमा. रोज सकाळी स्टेरॉइडच्या इनहेलरचे दोन पफ. मग ती श्वासाचा जोर मोजणाऱ्या मीटरमध्ये जोरात फुंकायची आणि मी रीडिंग वहीत लिहायचो. ती हसायची, "अहो, आता माझ्या फुप्फुसांचंही ऑडिट?"

सलग तीस रीडिंग मर्यादेत आली. कारखान्यात ओळीनं इतके लॉट पास झाले की आम्ही तपासणी कमी करतो. मी तोच नियम तिच्या औषधाला लावला, ते बंद करायचं ठरवलं... डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "फेफड़ों में इस दवा के रिसेप्टर होते हैं, वहीं बैठकर ये सूजन रोकती है। नंबर इसी से अच्छे हैं। अपने मन से बंद मत करना।" पण स्टेरॉइड या शब्दाचीच मला धास्ती.

"छाती माझी आहे हो," ती म्हणाली.

"आणि आकडे काय सांगतात?"

"आकडे तुमचे. घ्या, ठेवा."

इनहेलरच्या काउंटरवर ७४ पफ शिल्लक होते. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. किल्ली एकच, माझ्या खिशात.

एकविसाव्या दिवशी दुपारी हाटात मेथीच्या जुड्या बघताना तिला दम लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथं तिचं आधार कार्ड मागितलं, म्हणून घरी येऊन ड्रॉवर उघडला. काउंटरवर ३२ — एकवीस दिवसांचे बेचाळीस पफ कमी.

मी तिथंच खाली बसलो. लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. मुलीला म्हणालो, "आई चोरून घेत होती गं. माझ्यामुळे नाही गेली."

"पण बाबा, किल्ली तर तुमच्याकडे होती ना?"

"असेल दुसरी कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला न्यायच्या आधी, पुन्हा पाहिलं. ३०. त्याच्या दुसऱ्या दिवशी २८. किल्ली माझ्या खिशातून हलली नव्हती. सोळाव्या सकाळी शून्य. इनहेलरच्या आतला औषधाचा डबा कारखान्याच्या काट्यावर ठेवला. वजन रिकाम्या डब्याइतकंच भरलं.

डॉक्टर म्हणतात, काउंटर बिघडला असेल. असेल. पण औषध कुठं गेलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला एवढंच कळतं — जो आकडा ती गेल्यावरही उतरत राहिला, तो तिनं औषध घेतल्याचा पुरावा धरता येत नाही. फक्त एका रात्रीपुरता मी सुटलो होतो.