चौदा पायऱ्यांची बाई

चित्रपट कसा वाटला, असं माझ्या मामाला विचारू नये. विचारलंत तर तो म्हणेल, "दवाखान्याचा कॉरिडॉर बरा होता." नायक कोण, नायिका कोण, शेवटी कोण मेलं, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. तो चित्रपट पायांकडून बघतो. आणि बघणारच, कारण बत्तीस वर्षं तो चित्रपटांत चालला आणि पडद्यावर एकदाही दिसला नाही.

शूटिंगच्या वेळी नटांच्या पावलांचा आवाज नीट येत नाही. मग नंतर एका बंद खोलीत, समोर पडद्यावर चित्र लावून, कुणीतरी तीच पावलं पुन्हा टाकतं आणि तो आवाज चित्रपटाला जोडतात. ते कुणीतरी म्हणजे माझा मामा. धंद्यात त्याला पायवाले म्हणायचे. त्या खोलीत जमिनीचे चौकोन पाडलेले होते. एकात फरशी, एकात खडी, एकात वाळू, एकात लाकडी फळी. जिना चौदा पायऱ्यांचा असो की चाळीस, मामा एका फळीवर जागच्या जागी पाय आपटून तो चढायचा आणि उतरायचा. पुरुषही तोच, बायकाही तोच. आठ नंबरचे उंच टाचांचे बूट त्यानं मुद्दाम शिवून घेतले होते, ते अजून त्याच्या कपाटात आहेत. पाहुणे कपाट उघडतात आणि काही न बोलता बंद करतात.

दर रविवारी जेवणं झाली की मी मामाकडे जाते आणि आम्ही टीव्हीवर एक चित्रपट बघतो. मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला आहे, त्यामुळे माझं लक्ष दातांकडे. दोघांत मिळून आम्ही एक चित्रपट धड बघत नाही. मागे एक राजाचा चित्रपट पाहिला. मी म्हटलं, त्या काळात इतके पांढरेशुभ्र दात कुणाचे होते, राजा आहे की जाहिरात. मामा म्हणाला, राज्य मोठं आहे पण जोडा भाड्याचा वाटतोय. नंतर एक प्रेमकथा पाहिली. मुलगी पावसात गवतावरून धावते. मी रडत होते, आणि हा बाजूला पुटपुटतोय की गवत ओलं आणि आवाज वाळक्या पाल्याचा, पैसे घेतात कशाचे. एका खुनाच्या चित्रपटात तर त्यानं पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगून टाकला. मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाला, "ओळखायचं काय त्यात, मीच आहे तो."

सोमवारी लॅबमध्ये गेल्यावर आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मी रविवारच्या चित्रपटाबद्दल दोन ओळी टाकते. एकटीनं काही पाहिलं असेल तर त्याबद्दलही. मला उगाच गोड बोलता येत नाही, म्हणून सगळ्या वाचतात.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, ते भुताच्या चित्रपटापर्यंत. भूत मागच्या खोलीतून चालत येतं, दिसत नाही, फक्त पावलं ऐकू येतात. मी उशी छातीशी घट्ट धरून बसले होते. मामा म्हणाला, ही पण मीच, स्लीपर घातल्यात. आणि मग तो पुढे वाकला. मी नीट ऐकलं. उजवं पाऊल पडत होतं, डावं किंचित ओढत येत होतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण ती चाल मला माहीत होती. ती माझ्या मामीची होती, आणि मामीला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

लहानपणी मामीचा डावा पाय मोडला होता आणि कसातरी जुळला होता. लंगडणं म्हणावं इतकं नव्हतं, पण ती जिन्यात आली की तिसऱ्या मजल्यावर कळायचं. मामानं ती चाल उचलली. कुठल्याशा दिग्दर्शकाला बाईच्या चालण्यात "काहीतरी" हवं होतं, तर यानं घरातलंच दिलं. तिला सांगितलंही नाही. पुढे दोघं एकदा थिएटरात गेली, आणि नवऱ्याला विष देणारी बाई पडद्यावर मामीच्या चालीनं चालत आली. मामी दोन दिवस याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, निदान चांगल्या बाईला तरी द्यायची होतीस. पण तोवर मागणी वाढली होती. मामीची चाल विधवांना गेली, नर्सना गेली, एका राणीला गेली. आता मामी नाही, आणि टीव्ही लावावा तर कुठल्यातरी चित्रपटात ती चालत असते. भुताच्या चित्रपटापासून मी माझ्या घरी एकटी असताना असं झालं की मी आवाज बंद करते.

त्या दिवशी मामानं चित्रपट थांबवला आणि मला पहिल्यांदा खरी गोष्ट सांगितली. एकदा, फक्त एकदा, मामी स्वतः चालली होती. मामाचा घोटा मुरगळला होता, काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, आणि त्याला घरी न्यायला आलेली मामी म्हणाली, माझीच चाल आहे ना, मग मीच चालते. एक बाई लाकडी जिना उतरते, चौदा पायऱ्या, एवढाच तुकडा. चित्रपटाचं नाव मामाला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांच्याकडे नुसत्या नंबरचे तुकडे यायचे, नावं नंतर पडायची, आणि दिवसाला चार चित्रपटांचे पाय याच्या पायांत असायचे.

"मला ते एकदा ऐकायचंय," तो म्हणाला. "कानाच्या डॉक्टरनं वर्ष दिलंय. बारीक आवाज आधी जाणार. स्लीपरचा आवाज बारीकच."

मी म्हटलं, लग्नाच्या कॅसेटवर मामीचं बोलणं आहे की. त्यानं मान हलवली. बोलणं माणूस समोरच्याप्रमाणे बदलतो, म्हणाला, चाल कुणासाठी बदलत नाही.

मग आमचे रविवार बदलले. मामी चालली त्या सुमाराच्या चार-पाच वर्षांतले चित्रपट मी शोधून काढायचे आणि आम्ही फक्त जिने बघायचे. किती रद्दी पाहिली त्याला गणती नाही. ज्या चित्रपटात जिना नाही तो वाईट, असं माझंही मत व्हायला लागलं. मामीच्या चालीनं उतरणाऱ्या बायका आम्हाला सात सापडल्या. प्रत्येक वेळी मामा पुढे वाकून, पायांवर डोळे ठेवून ऐकायचा आणि मागे टेकून म्हणायचा, "मीच आहे." त्यानं आयुष्यभर तिची इतकी हुबेहूब नक्कल केली होती, की आता तिला शोधताना दर वेळी तोच आडवा येत होता. त्याचं ते "मीच आहे" ऐकवत नसे मला.

नऊ महिने गेले. एका रविवारी एक बाई मोठ्या दिवाणखान्यातून चालत गेली आणि मामानं मला विचारलं, "आवाज बंद केलास का?"

आवाज पूर्ण होता. शेजारी ऐकू जाईल इतका. मी रिमोट हातात धरून बसले. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ ओट्याशी उभा राहिला.

मला रागच आला. त्याच्यावर की कुणावर, सांगता येत नाही. मी त्याच्यासमोर जाऊन मोठ्यानं म्हटलं, तुझे कान गेले तर माझे आहेत, मी ऐकते. पण ओळखायचं कशावरून ते तरी सांग, तू तर कधी सांगितलंच नाहीस. तो नजर चुकवायला लागला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चोरी पकडल्यासारखा उभा. मग हळूच म्हणाला, "तिची पावलं उशिरा पडलीत."

"म्हणजे?"

"पडद्यावरच्या बाईचा पाय आधी टेकतो, आवाज मागून येतो. प्रत्येक पायरीला. आमच्या धंद्यात याहून मोठी नाचक्की नाही. माझ्या नावावर गेलं ते काम, म्हणून बोललो नाही."

इतका सराव असलेला तू शेजारी बसलेला असताना उशीर झालाच कसा, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पडद्याकडे बघून चालायचं असतं. ती माझ्याकडे बघून चालत होती."

आणि मला काहीतरी आठवलं. मी फोन काढला, ग्रुपवरचे माझे जुने सोमवार वर सरकवत गेले आणि ते सापडलं. दीड वर्षापूर्वीचं, माझ्याच हातचं. एका जुन्या विनोदी चित्रपटाबद्दल मी लिहिलं होतं: "हसू एकदाही आलं नाही. मावशीचं काम करणारीचे दात खोटे, आणि आवाजही मागेपुढे. तीच बाई जिना उतरते तर पावलं मागून ऐकू येतात. पंधरा मिनिटांत बंद केला." खाली चार जणींनी हसून ठेवलं होतं. भुताच्या चित्रपटाच्या किती आधी मी हे ऐकलं होतं, दातांकडे बघण्याच्या नादात चाल ओळखली नव्हती, तेव्हा मामाचे कान शाबूत होते, आणि ते शहाणपण मी ग्रुपवर टाकलं, मामाला सांगितलं नाही. विनोदी चित्रपट त्याला आवडत नाहीत म्हणून आमच्या यादीत तो कधी आलाच नव्हता.

मी त्याला ओळी वाचायला दिल्या. त्यानं त्या दोनदा वाचल्या. मला तो काहीतरी बोलेल, ओरडेल असं वाटलं. तो एवढंच म्हणाला, "लाव."

मी चित्रपट लावला. मावशी जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन उभी राहिली तेव्हा मी थांबवला, मामाच्या शेजारी बसले आणि त्याचा तळहात माझ्या मांडीवर उलगडून घेतला. आवाज आला की बोट टेकवीन, असं सांगितलं. तो पडद्यावरच्या पायांकडे बघत राहिला.

बाई उतरायला लागली. पाय टेकला, आणि मग आवाज आला. मी बोट टेकवलं. पुन्हा पाय, पुन्हा मागून आवाज. डाव्या पावलाला मी बोट जरा ओढलं. मामानं हात काढून घेतला नाही. मला ती इतकी स्वच्छ ऐकू येत होती की बाहेरच्या जिन्यावरून कुणी येतंय की काय, म्हणून मी एकदा दाराकडे पाहिलंसुद्धा. बारा, तेरा, चौदा. बाई खाली पोहोचली आणि थांबली.

आणि आणखी एक पाऊल वाजलं.

बाई पडद्यावर जागची हलली नव्हती. माझं बोट आपोआप टेकलं गेलं. मामानं माझ्याकडे पाहिलं.

"पंधरावं?"

मी मान हलवली.

"लाकडावरचं आहे का?"

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. लाकडावरचं नव्हतं. फरशीवरचं होतं, आणि जास्त जवळचं. मी तसं त्याला सांगितलं.

मामानं पडद्यावरच्या थांबलेल्या बाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझी खुर्ची फरशीच्या चौकोनात होती. तुकडा संपला तशी ती फळीवरून उतरून माझ्याकडे आली, पाय दुखतोय का विचारायला. रेकॉर्डिंग चालूच होतं. ते पाऊल काढून टाक, असं मी स्वतः सांगितलं होतं रेकॉर्डिस्टला. तो हो म्हणाला होता."

रेकॉर्डिस्टनं ते का ठेवलं, हे विचारायला आता तोही नाही. मी चित्रपट पुन्हा पहिल्या पायरीवर नेला आणि मामाचा हात धरला. त्यानं मान हलवून मला थांबवलं.

"पहिली चौदा राहू देत," तो म्हणाला आणि तळहात माझ्यापुढे धरला. "शेवटचं तेवढं दे."

मी बोट टेकवलं.